हांबुर्गचं बंदर पाहायचंय? आधी भरती-ओहोटी बघा

जर्मनीतल्या हांबुर्गला शिकायला आलेल्या मुलांकडून पहिल्या महिन्यात एक चूक हमखास होते. लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावर उतरायचं, समोर ओरडणाऱ्या माणसाकडून बंदरफेरीचं तिकीट घ्यायचं आणि वीसेक युरो मोजायचे. त्याच धक्क्यावर थोडं पुढे तीन नंबरच्या पुलावरून ६२ नंबरची सार्वजनिक लाँच सुटते. ती त्याच जहाजांच्या आणि त्याच गोद्यांच्या समोरून जाते आणि खिशातल्या सेमिस्टर तिकिटावर चालते. पैसे देऊन करायची फेरीसुद्धा कधीतरी जरूर करावी, पण ती कधी आणि कशासाठी, हे कळल्यावर. ते कळण्याची किल्ली एका गोष्टीत आहे: इथली नदी दिवसातून दोनदा वर चढते आणि दोनदा खाली उतरते. बंदरात कुठे, कधी, काय दिसेल हे तीच ठरवते.

तिकिटाचं आधी

डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट, मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ युरो आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. ज्या विद्यापीठांनी करार केला आहे तिथे विद्यार्थ्यांना तेच तिकीट सेमिस्टर तिकीट म्हणून मूळ दराच्या ६० टक्क्यांत मिळतं आणि ती रक्कम सेमिस्टरच्या शुल्कातच घेतली जाते. म्हणजे पैसे आधीच गेलेले असतात, वापरणं तेवढं बाकी असतं. या तिकिटावर देशभरातल्या ऊ-बान (मेट्रो), एस-बान (उपनगरी रेल्वे), बस, ट्राम आणि आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या चालतात. हांबुर्गमध्ये त्यात एल्ब नदीवरच्या सार्वजनिक लाँचही येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांवर ते चालत नाही. स्टेशनवर एकाच फलाटावर एकामागून एक आरई आणि आयसी लागतात आणि घाईत चुकीच्या गाडीत पाय पडतो. डब्यावरचा क्रमांक वाचूनच चढा.

तिकीट नावावर असतं, त्यामुळे फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवंच. विद्यार्थ्यांचं तिकीट बहुधा फोनमध्ये असतं आणि थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते. तपासनीस आला आणि फोन बंद असला तर ६० युरो दंडाची पावती हाती पडते. मागाहून वैध तिकीट दाखवलं की दंड नाममात्र उरतो, पण त्यासाठी खेपा पडतात. छोटी पॉवरबँक जवळ ठेवा. सायकल न्यायची असेल तर ऊ-बान आणि एस-बानमध्ये सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळा सोडून ती फुकट नेता येते. लाँचवरही नेता येते. आरई गाडीत मात्र तिचं वेगळं तिकीट लागतं.

शहरात नुकतेच आलेले असाल आणि सेमिस्टर अजून सुरू झालं नसेल, तर हे तिकीट लागू झालेलं नसतं. विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर साधारणपणे १ ऑक्टोबरला सुरू होतं, उपयोजित विज्ञानाच्या संस्थांचं १ सप्टेंबरला. मधल्या दिवसांसाठी दिवसभराचं तिकीट घ्या. एकेरी तिकिटांची बेरीज फार लवकर त्याच्यावर जाते.

नदीचं वेळापत्रक कसं वाचायचं

समुद्र इथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, तरी भरती शहरापर्यंत येते. भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साधारण पावणेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे घराच्या एका मजल्याहून जास्त. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे आज दुपारी २ वाजता असलेली भरती उद्या तीनच्या सुमारास येते आणि आठवड्याभरात वेळा पार उलट्या होतात. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे सांगायला नको. एक गोष्ट मात्र त्यांनाही नवी वाटेल. इथे चढतं पाणी सुमारे पाच तासांत भरतं आणि ओसरायला सात तास घेतं, कारण नदीचा स्वतःचा प्रवाह उतरत्या पाण्याच्या बाजूने असतो आणि चिंचोळ्या मुखातून आत येताना भरतीची लाट अधिक उभी होते.

वेळा पाहायच्या त्या जर्मनीच्या सागरी जहाजवाहतूक व जलसर्वेक्षण कार्यालयाच्या, म्हणजे बीएसएचच्या तक्त्यात. ठिकाण निवडायचं ‘हांबुर्ग, झांक्ट पाउली’. तक्त्यात ‘होखवासर’ म्हणजे पूर्ण भरती आणि ‘नीडरिगवासर’ म्हणजे पूर्ण ओहोटी. त्या दोन वेळा कागदावर लिहून घ्या आणि मग बेत आखा:

१. श्पायशरश्टाटच्या, म्हणजे जुन्या गोदामांच्या वसाहतीच्या, कालव्यांतून लाँचने फिरायचं असेल तर पूर्ण ओहोटीच्या आसपासचा वेळ सोडा.
२. एव्हेलगनच्या नदीकाठच्या वाळूवर बसायचं असेल तर ओहोटीच्या बाजूला जा. भरतीला किनारा अरुंद होतो.
३. मोठी कंटेनर जहाजं येताना पाहायची असतील तर भरती चढत असतानाचे तास धरा. ज्यांचा तळ पाण्यात खोलवर जातो अशी जहाजं चढत्या पाण्याबरोबर आत येतात.
४. जोराचा वायव्य वारा असेल तर तक्त्यातल्या उंचीवर विसंबू नका. वारा पाणी नदीत ढकलतो आणि भरती तक्त्यापेक्षा कितीतरी वर जाते.

भरती-ओहोटी डोळ्यांनी पाहायची असेल तर लांडुंग्सब्रुकनचाच धक्का पुरे. हा धक्का जमिनीवर उभा नाही, पाण्यावर तरंगतो. लांबी जवळजवळ सातशे मीटर. काठावरून त्यावर उतरायला लोखंडी पूल आहेत, एका टोकाला काठाशी जोडलेले, दुसरं टोक धक्क्याबरोबर वरखाली होणारं. पूर्ण भरतीला हे पूल जवळजवळ सपाट असतात आणि माणसं गप्पा मारत चालतात. पूर्ण ओहोटीला तेच पूल चांगले उताराचे होतात. पावसाळी दिवशी तिथे कठडा धरून उतरणारे लोक दिसतात, बाळाची गाडी घेतलेली आई थांबून पकड बदलताना दिसते. पूर्वेच्या टोकाला दगडी मनोरा आहे. त्याच्यावर पाण्याची पातळी दाखवलेली असते. त्याची घंटा साध्या घड्याळासारखी तास मोजत नाही, जहाजावरच्या पहाऱ्याच्या पद्धतीने अर्ध्या-अर्ध्या तासाला टोल देते. म्हणून चार वाजता आठ ठोके ऐकू आले तर घड्याळ बिघडलं असं समजू नका.

६२ नंबरची लाँच, नीट पाहिली तर

लांडुंग्सब्रुकनला ऊ-३ किंवा एस-बानने या. शक्य असेल तर ऊ-३ घ्या आणि रोडिंग्समार्क्टकडून पश्चिमेला येताना डाव्या खिडकीशी बसा. रोडिंग्समार्क्ट ते बाउमवाल आणि पुढे लांडुंग्सब्रुकन हा रूळ खांबांवर उंचावरून जातो आणि बंदर थेट खिडकीत येतं.

लाँच तीन नंबरच्या पुलाखाली लागते, दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी. मार्ग असा: लांडुंग्सब्रुकन, अल्टोना फिशमार्क्ट, डॉकलांड, नॉयम्युलन/एव्हेलगन, बुबेंडाय-उफर, फिंकनवेर्डर. शेवटपर्यंत सुमारे अर्धा तास लागतो. नवीन बांधणीच्या लाँचचा आकार इस्त्रीसारखा असल्याने हांबुर्गचे लोक त्यांना ‘ब्युगलआयझन’, म्हणजे इस्त्रीच म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसच्या लाँचने गेलेल्यांना इथली चढउतर अगदी सोपी वाटेल. फळी टाकली जाते, माणसं उतरतात, माणसं चढतात, दोन मिनिटांत लाँच निघते. त्यामुळे वरच्या उघड्या डेकवर जागा हवी असेल तर रांगेत पुढे राहायला हवं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारी लाँच भरून जाते आणि मागचे लोक धक्क्यावरच राहतात. सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर गेलात तर निवांत.

जाताना डाव्या हाताला बसा. दक्षिण काठावर आधी ब्लोम उंड फॉसच्या तरंगत्या गोद्या येतात. ही जहाजबांधणीची पेढी १८७७ सालची. तरंगती गोदी म्हणजे काय ते इथे समजतं. गोदीच्या पोकळ भिंतींत पाणी भरलं की ती खाली बसते, जहाज आत येतं, मग पाणी उपसलं की जहाजासकट वर येते. गोदीत जहाज उभं असेल तर त्याचं सगळं पोट, सुकाणूचं पातं आणि पंखा उघडा दिसतो. पाण्यात तरंगणाऱ्या जहाजाचा हा भाग एरवी कुणाला दिसत नाही. पुढे टोलरओर्ट आणि बुर्खार्डकाय या कंटेनर टर्मिनलांच्या क्रेन्स लागतात. तिथली मोठी जहाजं चारशे मीटर लांब असतात. आकडा वाचून काही कळत नाही. लाँच जहाजाच्या नाकापासून शेपटीपर्यंत जायला किती वेळ घेते ते घड्याळ लावून पाहा, मग कळतं.

बुबेंडाय-उफरला बहुतेक विद्यार्थी उतरत नाहीत, पण डेकवरून तिथे लक्ष ठेवा. जवळच सेमान्सहोफ्टला बंदराच्या पायलटांचं, म्हणजे जहाजांना पाण्यातली वाट दाखवणाऱ्यांचं, ठाणं आहे. समुद्रातून येणारं जहाज नदीचे पायलट इथपर्यंत आणतात. इथून पुढे धक्क्याला लावेपर्यंत ते बंदराच्या पायलटच्या हाती जातं. एक छोटी होडी चालत्या जहाजाच्या कुशीला जाऊन चिकटते. दोन्ही एकाच वेगाने पुढे सरकत असतात. वरून दोरशिडी सोडलेली असते, पायलट होडीच्या नाकावर उभा राहून लाट वर येण्याची वाट पाहतो आणि होडी वर उचलली गेली की शिडी पकडतो. होडी खाली जात असताना शिडी धरली तर ती पुढच्या लाटेला वर येऊन पायांवर आदळू शकते, म्हणून पायलट नेहमी लाटेच्या टोकाला पाऊल टाकतो. हे सगळं मिनिटभरात आटोपतं. दिसलं तर नशीब समजा.

फिंकनवेर्डरला विमानांच्या कारखान्याखेरीज तासभर रेंगाळण्यासारखं फार नाही. तिथून ६४ नंबरची लाँच पकडून पलीकडच्या टॉयफेल्सब्रुकला जा आणि काठाने पूर्वेकडे चालत एव्हेलगनला या. किंवा ६२ नेच परतताना नॉयम्युलन/एव्हेलगनला उतरा. तिथे जुन्या जहाजांचा छोटा धक्का आहे आणि त्याच्या पुढे वाळूचा किनारा. वाळूत एक प्रचंड धोंडा आहे, वजन २१७ टन. १९९९ मध्ये नदीचं पात्र खोल करताना तो सापडला. हिमयुगातल्या बर्फाने तो स्वीडनमधून इथवर वाहून आणला, म्हणून त्याला ‘आल्टर श्वेड’, म्हातारा स्वीडिश, असं म्हणतात.

या किनाऱ्यावर पोहू नका. पाणी संथ दिसतं, पण भरती-ओहोटीचा ओढा जोरकस असतो आणि त्यात जहाजांची भर पडते. मोठं जहाज जवळून जाताना आधी पाणी किनाऱ्यापासून मागे खेचलं जातं आणि मग एकदम परत येतं. किनाऱ्यावर ठेवलेले बूट आणि पिशव्या अशा वेळी भिजतात, कारण पाणी मागे गेलं म्हणून लोक दोन पावलं पुढे सरकलेले असतात. पाणी अचानक मागे गेलं की सामान उचलायचं आणि वर यायचं. परतीला नॉयम्युलनहून ११२ नंबरची बस अल्टोना स्टेशनला सोडते.

नदीखालून चालत

लांडुंग्सब्रुकनच्या पश्चिम टोकाला घुमटाची इमारत आहे. तिच्यात जुन्या एल्ब बोगद्याचं तोंड आहे. बोगदा सप्टेंबर १९११ मध्ये खुला झाला. लांबी साधारण ४२६ मीटर, खोली सुमारे २४ मीटर. पलीकडच्या गोद्यांत कामाला जाणाऱ्या हजारो कामगारांना हिवाळ्यात नदीवर बर्फ आणि धुकं असताना पोचता यावं यासाठी तो बांधला. पादचारी आणि सायकलवाल्यांना रात्रंदिवस फुकट. जिन्याने किंवा लिफ्टने खाली उतरायचं आणि सरळ चालायचं. भिंतींवर चिनी मातीच्या चकचकीत फरशा आहेत. त्यांत नदीतल्या जीवांची उठावाची चित्रं बसवली आहेत. मासे, खेकडे आणि एका जागी उंदीरसुद्धा सापडतो. लहान मुलं ती शोधत चालतात, मोठी माणसं फोटो काढत त्यांच्यासमोरून निघून जातात.

बाहेर पडलात की श्टाइनवेर्डर. डावीकडे पाण्याच्या कठड्याशी या. हांबुर्गची जी छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील, त्यांतली बरीचशी इथूनच घेतलेली असतात. सूर्य मावळतीला असताना समोरच्या शहरावर ऊन पडतं, म्हणून संध्याकाळ धरा. जूनमध्ये इथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास. याचा हिशेब न करता ‘पाचला भेटू’ असं हिवाळ्यात ठरवलंत तर काळोखात भेट होते.

रविवारचा फिशमार्क्ट

हा बाजार १७०३ पासून भरतो. एप्रिल ते ऑक्टोबर पहाटे ५ ते साडेनऊ, नोव्हेंबर ते मार्च सकाळी ७ ते साडेनऊ, फक्त रविवारी. वेळ संपताना गेलात तर फळांच्या टोपल्या स्वस्तात सुटतात, पण गर्दीही तेव्हाच जास्त असते. सगळ्यात चांगली वेळ उघडल्यावरचा पहिला तास. जवळच १८९६ सालची लिलावाची लालविटांची इमारत आहे. तिच्यात आता पहाटेपासून गाणी चालतात. रात्रभर बाहेर असलेली मंडळी आणि लवकर उठलेले म्हातारे एकाच बाकावर बसलेले असतात.

खाण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ‘फिशब्र्योटशन’ म्हणजे पावात घातलेला मासा. त्यात ‘माट्येस’ आणि ‘बिस्मार्क’ हे दोन्ही हेरिंग मासे शिजवलेले नसतात. माट्येस मिठात मुरवलेला, बिस्मार्क व्हिनेगरात. मालवणी कालवणावर वाढलेल्या जिभेला पहिला घास दचकवतो. तळलेलं हवं असेल तर ‘बाकफिश’ मागा. मासे खात नसाल तर ‘फ्रान्सब्र्योटशन’ घ्या. दालचिनी, साखर आणि लोण्याचा हा चपटा पाव हांबुर्गचा स्वतःचा आहे आणि शहराच्या कुठल्याही बेकरीत मिळतो. सुटी नाणी जवळ ठेवा. कार्ड न घेणारे गाळे असतात. बाटलीवर अनामत रक्कम असते: प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीला आणि कॅनला २५ सेंट. बाटली टाकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात परत करा.

जोरदार वारं सुटलं असेल तर आदल्या रात्री पाण्याची सूचना पाहा. फिशमार्क्ट हा काठालगतचा सखल भाग आहे आणि हिवाळ्यात वादळी भरती आली की पाणी इथे लवकर चढतं.

श्पायशरश्टाट आणि पैसे देऊन करायची ती फेरी

गोदामांची ही वसाहत १८८३ पासून बांधायला घेतली आणि १८८८ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिच्यासाठी वीस हजारांच्या आसपास लोकांची घरं पाडली गेली. लाकडी खांब गाळात ठोकून त्यावर विटांचे मजले चढवले. कॉफी, चहा, मसाले, गालिचे असा माल जकात न भरता इथे साठवता यायचा. २०१५ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली, शेजारच्या कंटोरहाउस, म्हणजे व्यापारी कचेऱ्यांच्या, वस्तीसकट. त्या वस्तीतलं चिलेहाउस मुद्दाम पाहा. जहाजाच्या नाकासारखा त्याचा कोपरा खालून मान वर करून पाहायचा असतो.

गोदामाला दोन दारं असतात, एक रस्त्याकडे आणि एक पाण्याकडे. पाण्याकडच्या बाजूला छपराच्या खाली मोठा आकडा लोंबत असतो. खाली होडी उभी राहायची, आकड्याने पोतं वर जायचं आणि प्रत्येक मजल्याच्या दारातून आत ओढलं जायचं. हे दृश्य रस्त्यावरून समजत नाही, पाण्यातूनच समजतं. म्हणून पैसे देऊन बंदरफेरी करायची तर ‘बारकासे’ नावाच्या बुटक्या लाँचची करा आणि आधी एकच प्रश्न विचारा: ‘आज श्पायशरश्टाटमध्ये जाणार का?’ ओहोटीच्या तळाशी या कालव्यांत लाँच टेकते आणि पाणी फार चढलं तर पुलाखालून जात नाही. अशा वेळी फेरी होते, पण मोठ्या बंदरातच होते, जे तुम्ही ६२ वरून आधीच पाहिलेलं असतं. भरतीच्या तक्त्याने इथे वीस युरो वाचतात. विद्यार्थी ओळखपत्रावर सवलत आहे का तेही विचारा, न विचारता कुणी देत नाही.

पायी फिरायचं असेल तर ऊ-१ ने मेसबेर्गला उतरा. पोगनम्यूलन पुलावर उभं राहिलं की दोन कालव्यांच्या मधोमध ‘वासरश्लोस’ नावाची छोटी इमारत दिसते. संध्याकाळी दिवे लागल्यावर दहा मिनिटं थांबा. आकाश निळं असतानाच फोटो चांगला येतो, पूर्ण काळोख झाला की विटा काळ्या पडतात. तिथून चालत एल्बफिलहार्मोनी या संगीतसभागृहाला जा. तिचा ३७ मीटर उंचीवरचा मोकळा सज्जा कुणालाही पाहता येतो, त्यासाठी वेळेचं तिकीट लागतं. वर जाणारा सरकता जिना ८० मीटरहून लांब आणि मधे किंचित वाकडा आहे, त्यामुळे चढताना वरचं टोक दिसत नाही.

संग्रहालयं बरीच आहेत. विद्यार्थ्याने एकच निवडायचं असेल तर उबरझेब्रुक या धक्क्याला बांधलेलं काप सान दिएगो हे १९६१ सालचं मालवाहू जहाज निवडावं. ते अजून चालू स्थितीत आहे आणि इंजिनखोलीपर्यंत स्वतः उतरता येतं. यांत्रिकी शिकणाऱ्यांनी दोन तास राखून ठेवावेत. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत, शिड्या उभ्या आहेत. आणि मिखाएलिस चर्चच्या मनोऱ्यावर चढायचं असेल तर सकाळी दहाच्या आत पोचा. सोमवार ते शनिवार सकाळी १० आणि रात्री ९ वाजता, रविवारी दुपारी १२ वाजता मनोऱ्यावरून तुतारीवर चारही दिशांना एक प्रार्थना वाजवली जाते. ही रीत तीनशेहून अधिक वर्षांची आहे. खाली चौकात उभं राहून ऐकलं तर एक पैसा लागत नाही. सूर एका बाजूने स्पष्ट येतो, मग वादक वळला की पुसट होतो, मग परत जवळ येतो.

जहाज कुठल्या देशाचं?

एस-१ च्या शेवटच्या स्टेशनवर, वेडेलला उतरून बसने एल्बच्या काठावर गेलात की ‘विल्कोम-होफ्ट’ येतं. १९५२ पासून इथे हजार टनांवरच्या समुद्री जहाजांचं झेंडा लववून आणि राष्ट्रगीत वाजवून स्वागत होतं, निघणाऱ्यांना निरोप दिला जातो. गीत जहाजाच्या मालकाच्या देशाचं वाजत नाही, ज्या झेंड्याखाली जहाज नोंदलेलं आहे त्या देशाचं वाजतं. त्यामुळे लायबेरिया, पनामा, पोर्तुगाल पुन्हापुन्हा ऐकू येतात. भारतीय झेंड्याचं जहाज आलं तर ‘जन गण मन’ एल्बच्या काठावर ऐकायला मिळेल. त्यासाठी जहाजांच्या ठिकाणाचा मागोवा देणारं ॲप पाहायचं: नदीच्या मुखाशी असलेल्या जहाजांची यादी उघडायची आणि झेंड्याचा रकाना वाचायचा. नुसतं येऊन बसलं तर दोन तासांत एकही मोठं जहाज न येण्याची शक्यता असते.

वारा, पाऊस आणि वादळी पाणी

छत्री कपाटात ठेवा. धक्क्यावरच्या वाऱ्यात ती पाच मिनिटांत उलटी होते. टोपी असलेलं वारारोधक जाकीट, आत लोकरीचा थर आणि कान झाकणारी टोपी हवी. लाँचच्या वरच्या डेकवर मे महिन्यातसुद्धा थंडी वाजते, कारण नदीवरचा वारा अडवायला काहीच नसतं.

वादळी भरतीकडे मात्र पूर्ण गांभीर्याने पाहा. १६ आणि १७ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री बांध फुटले आणि हांबुर्गमध्ये ३१५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक विल्हेल्म्सबुर्ग या नदीतल्या बेटावरची. आज त्याच बेटावर भाडी तुलनेने कमी असल्याने पुष्कळ विद्यार्थी राहतात. त्यानंतर बांध बरेच उंचावले आणि जानेवारी १९७६ मध्ये पाणी १९६२ पेक्षाही वर चढलं तरी शहर वाचलं. सखल भागातल्या घरांना नगरप्रशासन वादळी पुराचं माहितीपत्रक देतं. त्यात तुमच्या वस्तीतून बाहेर पडायचा रस्ता आणि बसचे थांबे दिलेले असतात. ते जर्मनमध्ये आहे म्हणून फेकू नका, भाषांतर करून दारामागे चिकटवा. आणि वादळी भरतीच्या दिवशी फोटोसाठी फिशमार्क्टवर जाऊ नका.

नॉयवेर्क: समुद्राच्या तळावरून चालत

शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, नॉयवेर्क नावाचं छोटं बेट आहे आणि ते प्रशासकीयदृष्ट्या हांबुर्गचाच भाग आहे. तिथला चौकोनी बुरूज चौदाव्या शतकाच्या आरंभी, एल्बच्या मुखावर चाच्यांपासून संरक्षण म्हणून उभा राहिला. हांबुर्गच्या हद्दीतली ती सगळ्यात जुनी इमारत. ओहोटी लागली की समुद्र मागे हटतो आणि कुक्सहाफनजवळच्या झालनबुर्गहून बेटापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चिखलातून चालत जाता येतं. विद्यार्थीदशेत करायच्या सहलींत आम्ही हिला पहिला क्रमांक देऊ. नीट आखली नाही तर मात्र ही जिवावर बेतू शकते.

तारीख आधी निवडा. कुक्सहाफनच्या तक्त्यात पूर्ण ओहोटी दुपारी १२ ते ३ च्या दरम्यान आहे असा दिवस शोधा. इथे हांबुर्गचा तक्ता वापरायचा नाही. ओहोटी कुक्सहाफनला हांबुर्गपेक्षा काही तास आधी लागते आणि ही एक चूक अख्खा दिवस बुडवते. चालायला पूर्ण ओहोटीच्या बऱ्याच आधी सुरुवात करावी लागते, कारण मधले ओढे पाणी सर्वांत कमी असतानाच ओलांडायचे असतात. ओहोटी सकाळची असली तर हांबुर्गहून पहिली गाडी पकडूनही वेळेवर पोचता येत नाही. कुक्सहाफनपर्यंत आरई गाडीला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, सेमिस्टर तिकीट चालतं, पुढे झालनबुर्गपर्यंत बस आहे.

एकट्याने जायचं नाही. परवानाधारक वाटाड्याच्या गटात नाव नोंदवा. मोसम साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि शनिवार-रविवारच्या जागा काही आठवडे आधी भरतात. वाट खुणांच्या काठ्यांनी आखलेली आहे आणि मधे उंच खांबांवर सुटकेचे पिंजरे आहेत, पण धुकं उतरलं की पुढची काठी दिसत नाही. ओढे मागून भरायला लागतात, म्हणजे पुढे कोरडं दिसत असताना किनाऱ्याकडची वाट पाण्याखाली जाते. गडगडाटाची शक्यता असेल तर वाटाड्या फेरी रद्द करतो. त्याच्याशी वाद घालू नका. सपाट चिखलावर मैलभर परिसरात तुम्हीच सर्वांत उंच असता.

पायात जुने, लेसने घट्ट बांधता येतील असे बूट घाला. गमबूट चिखलात रुततात आणि पाय बाहेर येतो, बूट तिथेच राहतो. अनवाणी चालायचा मोह टाळा, शिंपल्यांच्या आणि कालवांच्या कडा धारदार असतात. गुडघ्यापर्यंत दुमडता येणारी पँट, दीड लिटर पाणी, ऊन आणि वारा दोन्हींसाठी कपडे, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि कोरडे मोजे एवढं पुरतं. मीठ-चिखलाने भरलेले पाय धुवायला बेटावर सोय आहे.

परतीचे मार्ग तीन: भरतीला सुटणारी लाँच, चालू असेल तर ओहोटीची घोडागाडी किंवा बेटावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पायी. सगळ्यात सोयीचं म्हणजे जाताना चालत आणि येताना लाँचने. लाँचची जागा निघण्याआधी आरक्षित करा, बेटावर पोचून नव्हे. लाँच भरतीवर अवलंबून असल्याने तिची वेळ रोज बदलते. ती कुक्सहाफनला लागल्यावर हांबुर्गची शेवटची आरई किती वाजता आहे हे जायच्या आदल्या रात्रीच पाहून ठेवा. ती चुकली तर पुढची थेट सकाळी.